पिकलबॉल खेळायला जागा शोधताय? आधी फरशी बघा, बोर्ड नंतर

"संभाजीनगरात पिकलबॉल कुठं खेळतात?" हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की आता एकदाच नीट लिहून ठेवतो. पिकलबॉल म्हणजे मधे नेट टाकून, पॅडल नावाच्या कडक बॅटनं छिद्रांचा प्लास्टिकचा बॉल मारायचा खेळ. बहुतेक जण एकाच चालीनं जातात, आधी ऑनलाइन पॅडल मागवतात, मग गूगलवर शोधतात, पहिलं जे दिसेल तिथं फोन लावून महिन्याचे पैसे भरून मोकळे होतात आणि चौथ्या दिवशी सांगतात की जागा बेकार निघाली. हा क्रमच उलटा आहे. जालना, बीड, परभणी, लातूर, नांदेडकडच्या लोकांचं दुखणं वेगळं, त्यांना पिकलबॉल नावाचं काही सापडतच नाही म्हणून ते नाद सोडून देतात आणि तिकडं दोन गल्ल्या सोडून बॅडमिंटनचा हॉल दुपारभर रिकामा पडलेला असतो.

बाकी सगळं एका गोष्टीवर चालतं. पिकलबॉलचं कोर्ट २० फूट रुंद आणि ४४ फूट लांब असतं, बॅडमिंटनचं डबल्सचं कोर्ट पण एवढंच, इंचाचा फरक नाही. त्यामुळं जिथं बॅडमिंटन होतं तिथं पिकलबॉल होऊ शकतं, आणि जिथं टणक, सपाट, मोकळी जागा आहे तिथं पण होऊ शकतं. शोध या नजरेनं करायचा.

१. शोधायला बसायच्या आधी

घरी बसून तीन गोष्टी ठरवा. पक्के किती जण आहेत (हौसेनं हो म्हणणारे धरू नका, चार पक्के पाहिजेत, पाच-सहा असले तर अजून चांगलं कारण एक जण तरी रोज गळतोच), कोणती वेळ सगळ्यांना जमते आणि घरापासून किती लांब जायची तयारी आहे. सिडकोत राहणारा माणूस वाळूजला चार दिवस जाईल, पाचव्या दिवशी जाणार नाही, हे अनुभवानं सांगतो. वीस मिनिटांच्या आत गाडीनं पोचता येईल एवढाच घेर धरा.

मग एक छोटी पिशवी तयार करा. दोन बॉल, ५० फुटी मेझरिंग टेप, मास्किंग टेपचा रोल, पांढरा खडू, सुतळी. पॅडल आत्ता महागाची घेऊ नका, कुणाची तरी मागून घ्या नाहीतर साधी लाकडी घ्या. बॉल मात्र दोन्ही जातीचे घ्या. बाहेरच्या जागेसाठी ४० बारीक छिद्रांचा असतो, तो कडक असतो आणि वाऱ्यात कमी भरकटतो. हॉलसाठी २६ मोठ्या छिद्रांचा, तो जरा मऊ. जागा तपासायला हा बॉल लागणारच आहे, म्हणून पहिली खरेदी बॉलची.

२. कोणत्या शब्दांनी शोधायचं

इथं एक घोळ सगळ्यांचा होतो. आपण हातातल्या बॅटला पॅडल म्हणतो आणि पॅडल नावाचा एक वेगळाच खेळ पण आहे, काचेच्या भिंती असलेल्या २० मीटर बाय १० मीटरच्या कोर्टात खेळतात तो. मराठीत दोन्ही सारखंच लिहितो, सारखंच बोलतो. म्हणून "पॅडल कोर्ट" असं शोधलं की भलतंच समोर येतं आणि फोनवर पण समोरचा भलतंच समजतो. कायम पूर्ण शब्द वापरा, पिकलबॉल.

मॅपवर शोधताना शहराची दोन्ही नावं टाकून बघा, छत्रपती संभाजीनगर आणि औरंगाबाद, कारण बऱ्याच जागांची नोंद जुन्याच नावानं राहिलेली असते. धाराशिव-उस्मानाबादचं पण तसंच. प्लेओ, हडल सारखी बुकिंगची ॲप बघा, पण आपल्याकडच्या पुष्कळ जागा ॲपवर नसतात, इन्स्टाग्रामवर एक पेज आणि एक मोबाईल नंबर एवढाच त्यांचा कारभार असतो. ॲपवर दिसलं नाही म्हणून शहरात नाही असं धरून बसू नका.

तपासून घ्या: मॅपवरचे फोटो खेळाडूंनी टाकलेत का मालकानं, आणि किती जुने आहेत. मालकाच्या फोटोत रंग नवा असतो. खेळाडूच्या फोटोत कोपऱ्यातली भेग दिसते.

३. बोर्ड नसलेल्या जागांची यादी

खरा माल इथं आहे, त्यामुळं यावर एक अख्खी संध्याकाळ घालवा. वहीत नावं लिहून काढा.

बॅडमिंटन हॉल पहिले. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते दहा ते भरलेले असतात, पण सकाळी दहा ते संध्याकाळी चारच्या मधे मालकालाच कुणीतरी हवं असतं. रिटायर्ड मंडळी, घरून काम करणारे, दुकान दुपारी बंद ठेवणारे, यांच्यासाठी हे सोन्यासारखं आहे.

मग क्रीडा संकुलं. गारखेड्याचं विभागीय क्रीडा संकुल आपल्या सगळ्यांना माहिती आहे, विद्यापीठाच्या परिसरात साईचं (भारतीय खेळ प्राधिकरणाचं) केंद्र आहे, बाकीच्या जिल्ह्यांत जिल्हा क्रीडा संकुल असतं आणि कितीतरी तालुक्यांना तालुका क्रीडा संकुल पण झालेलं आहे. तालुक्याच्या संकुलात लोक फक्त चालायला जातात, आतला हॉल कुणी उघडून बघत नाही. तुम्ही बघा.

त्याच्यानंतर शाळा-कॉलेजचे सिमेंटचे बास्केटबॉल कोर्ट. बास्केटबॉलचं कोर्ट २८ बाय १५ मीटर असतं, त्यात पळायच्या जागेसकट आपलं एक कोर्ट आरामात बसतं. स्केटिंग रिंक पण विसरू नका, मधली जागा गुळगुळीत सिमेंटची असेल तर काम होतं. टेनिस कोर्ट मिळालं तर उत्तमच.

शेवटी आपल्या ओळखीपाळखीतल्या जागा. सोसायटीचं बॅडमिंटन कोर्ट, डॉक्टरांचे किंवा वकिलांचे क्लब, वाळूज-चिकलठाणा-शेंद्र्यातल्या कंपन्यांचे रिक्रिएशन हॉल. कंपनीत काम करणारा एक जरी माणूस ग्रुपमधे असला तर त्याला एचआरला विचारायला लावा.

सावध राहा: मंगल कार्यालयाचा हॉल पुष्कळांना सुचतो, मोठा असतो, ऑफ सीझनला रिकामा असतो. पण तिथली पॉलिश केलेली टाइल बुटाखाली घसरते. गुडघा गेला तर वर्षभर घरी बसाल. ही जागा यादीतून काढाच.

४. फोनवर काय विचारायचं

फोन लावून "तुमच्याकडं पिकलबॉल होतं का?" एवढंच विचारलं की "होतं ना सर, या की" हे उत्तर ठरलेलं. त्यातून काहीच कळत नाही. असं विचारा:

"खाली काय आहे? गवत, मॅट, लाकूड का सिमेंट?"
"नेट तुमची पिकलबॉलची आहे का बॅडमिंटनचीच खाली घेता?"
"रेट कोर्टाचा आहे का माणशी? लाइटचे वेगळे घेता का?"
"एक तास खेळून बघून मग महिन्याचं ठरवलं तर चालेल का?"

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडं बायपासला, रिंग रोडला बॉक्स क्रिकेटची टर्फ पुष्कळ झाली आणि काही जण आता त्याच हिरव्या गवतावर नेट टाकून पिकलबॉल म्हणून विकायलेत. आम्ही सहा जणांनी अशाच एका ठिकाणी नुसत्या फोनवर विश्वास ठेवून महिन्याचे पैसे भरले होते. पहिली सर्व्हिस टाकली, बॉल गवतात पडला आणि घोट्याच्या वर आलाच नाही. या खेळात सर्व्हिसचा बॉल समोरच्यानं टप्पा पडू देऊनच मारायचा असतो आणि त्याचा परत आलेला बॉल पण आपण टप्पा पडू देऊनच मारायचा, हा नियमच आहे. टप्पाच उठत नसेल तर खेळ सुरूच होत नाही. पैसे परत मिळाले नाहीत, महिनाभर तिथं क्रिकेट खेळलो. म्हणून सांगतो, गवत म्हटलं की नमस्कार करून फोन ठेवा, रेट कितीही कमी असू दे.

५. प्रत्यक्ष जाऊन तपासणी

यादीतून तीन-चार जागा उरतील. तिथं ज्या वेळेला खेळणार त्याच वेळेला जा. दुपारी बघून संध्याकाळचं बुकिंग केलं तर उन्हाचं पण कळत नाही, लाइटचं पण नाही.

टप्प्याची चाचणी अशी. हात डोक्याच्या जरा वर करून, जमिनीपासून साधारण साडेसहा फुटांवरून बॉल नुसता सोडा, फेकू नका. बॉलची अधिकृत चाचणी याच उंचीवरून पण ग्रॅनाइटवर करतात आणि तिथं तो ३० ते ३४ इंच उठायला पाहिजे असतो. आपल्या सिमेंटवर थोडा कमी उठेल, पण गुडघ्याच्या चांगला वर, मांडीपर्यंत आला पाहिजे. गुडघ्याच्या खाली राहिला तर जागा सोडा. एकाच ठिकाणी सोडून समाधान मानू नका. चार कोपरे, मधली जागा आणि नेटजवळचा भाग, असं आठ-दहा ठिकाणी सोडा. सरळ वर येतो का तिरका पळतो हे बघा. शहाबादी फरशीच्या सांध्यावर आणि गट्टूवर बॉल कुठंही पळतो, अशी जागा लहान पोरांना खेळायला ठीक आहे, रोजच्या खेळाला नाही.

मग हात टेकवा. खरंच खाली बसून तळहात फरशीवर घासा. हाताला धूळ लागली तर विचारा रोज झाडतात का आणि कोण झाडतं. कोब्यावरची बारीक धूळ ही आपल्या भागातली सगळ्यात वाईट गोष्ट, दिसत नाही पण बूट सरकतो. झाडू कुठं ठेवलाय ते पण बघून ठेवा, शेवटी तुम्हालाच झाडायचंय.

पुढं मोकळी जागा. कोर्ट २० बाय ४४ असलं तरी पळायला बाजूनं पाच-पाच फूट आणि मागं आठ-आठ फूट पाहिजे, म्हणजे एकूण ३० बाय ६० फूट ही कमीत कमी. बॅडमिंटन हॉलमधे नेमकं मागंच कमी असतं, तीन-चार फुटांवर भिंत. बॅडमिंटनला ते निभून जातं, पण इथं सर्व्हिस घ्यायला माणूस मागच्या लाइनच्या पण मागं उभा राहतो आणि पॅडल फिरवताना कोपर भिंतीला लागतो. टेपनं मोजा, अंदाज नको.

बाहेरची जागा असेल तर कोर्टाची लांबी उत्तर-दक्षिण आहे का बघा. पूर्व-पश्चिम असेल तर सकाळी एका टीमच्या आणि संध्याकाळी दुसऱ्या टीमच्या डोळ्यात सूर्य. वारा पण बघा. बॉल जेमतेम २२ ते २६ ग्रॅमचा असतो, वळवाच्या दिवसांत संध्याकाळी वावटळ सुटली की तो हातातून सुटल्यावर आपला राहत नाही. तीन बाजूंनी भिंत किंवा हिरवी नेट असलेली जागा मिळाली तर दहा-पाच रुपये जास्त द्यायला हरकत नाही.

तपासून घ्या: लाइट एकाच बाजूला लावलाय का. तसं असेल तर उंच बॉल बघताना डोळे दिपतात. आणि लाइट गेली तर जनरेटर किंवा इन्व्हर्टर आहे का, नसेल तर त्या वेळेचे पैसे वजा होतात का, हे आत्ताच विचारा.

६. परवानगी, आणि ती कुणाकडून

खाजगी हॉलला मालकाशी बोललं की झालं. शाळा-कॉलेजात लोक वॉचमन मामांना विचारून खेळायला लागतात आणि आठ दिवसांनी कुणीतरी येऊन हाकलतं. मामांशी चांगलं वागायचंच, किल्ली त्यांच्याकडं असते, पण परवानगी मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांची, ती पण लेखी. आधी पीटीच्या सरांना भेटा, त्यांना खेळ दाखवा, पॅडल त्यांच्या हातात द्या. सरांना आवडलं की वरचं काम तेच करून देतात. संकुलात क्रीडा अधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज द्या.

अर्ज एका पानाचा पुरे. किती जण, कोणते वार, किती ते किती, कोणत्या कोर्टावर, नॉन-मार्किंग (फरशीवर डाग न पाडणारे) बूट घालू, कोर्टावर कायमची रेघ मारणार नाही, झाडून-आवरून जाऊ. कायमच्या रेघेचं वाक्य नक्की लिहा, बॅडमिंटनवाल्यांची पहिली भीती तीच असते. अर्जाची पोच घ्या.

सोसायटीत आवाजाचा विषय निघतोच. बॅडमिंटनच्या शटलला आवाज नाही, पण हा कडक प्लास्टिकचा बॉल कडक पॅडलवर आपटतो, टक टक टक, आणि तो चौथ्या मजल्यावर पण ऐकू जातो. खेळायच्या आधीच सेक्रेटरीला भेटून वेळ ठरवा, दुपारी दोन ते चार आणि रात्री नऊनंतर बंद, दहावी-बारावीच्या परीक्षेत अजून कमी. तक्रार आल्यावर ठरवायला गेलात तर सगळंच बंद होतं.

७. आखणी आणि नेट

जागा तीन प्रकारची असते, तिन्हीचं वेगवेगळं.

बॅडमिंटन कोर्ट असेल तर बाहेरच्या सगळ्या लाइन जशाच्या तशा चालतात, मधली लाइन पण. फक्त नेटजवळची लाइन चुकते. बॅडमिंटनची शॉर्ट सर्व्हिस लाइन नेटपासून साडेसहा फुटांवर असते आणि आपली किचनची लाइन सात फुटांवर (किचन म्हणजे नेटजवळची पट्टी, तिच्यात उभं राहून टप्पा न पडलेला बॉल मारायचा नसतो). म्हणून त्या लाइनच्या मागं सहा इंचांवर दोन्ही बाजूंना टेप लावा, २०-२० फूट, एका रोलमधे होतं. पुष्कळ जण जुन्याच लाइनला किचन समजून खेळतात, मग पायाला तीच सवय लागते आणि दुसरीकडं गेलं की सारखा फाउल.

नेट बाजूला ३६ इंच आणि मधे ३४ इंच. बॅडमिंटनची नेट स्वतः अडीच फुटी असते, तिची वरची पट्टी ३६ इंचावर बांधली की खाली सहा इंच फट उरते आणि बॉल जेमतेम तीन इंचांचा, तो खालून निघून जातो. जाऊ द्या, तो नेटमधेच गेला असं धरायचं, हे आधी बोलून घ्या म्हणजे वाद नको. मधे ३४ करायला सुतळीनं खाली ओढून एखाद्या वजनाला बांधा, खाली खिळा ठोकू नका.

टेनिस कोर्ट असेल तर सोपं आहे. टेनिसची नेट मधे ३६ इंच असते, सुरुवातीला तशीच वापरा. टेनिसची सर्व्हिस लाइन नेटपासून २१ फुटांवर असते, आपली मागची लाइन २२ वर, म्हणजे एकच फूट मागं टेप लावायचा. मधल्या लाइनपासून दोन्हीकडं १०-१० फूट मोजलं की रुंदी झाली.

मोकळं सिमेंट असेल तर पूर्ण आखायला लागतं. आधी ४४ फुटांची एक बाजू सुतळी ताणून खडूनं मारा, मग २० फुटांच्या दोन, मग चौथी. आता कर्ण मोजा. दोन्ही कर्ण ४८ फूट ४ इंच यायला पाहिजेत. एक ४८ आणि एक ४९ आला तर कोर्ट वाकडं झालंय, पुसून परत करा, टेप नंतर. बरोबर आलं की मधे २२ फुटांवर नेट, नेटच्या दोन्हीकडं सात-सात फुटांवर किचन, आणि किचनपासून मागच्या लाइनपर्यंत १५ फुटांची मधली रेघ. सगळं मिळून १९८ फूट, म्हणजे साधारण ६० मीटर टेप. वीस मीटरचे तीन रोल थोडक्यात कमी पडतात, चार घ्या.

सावध राहा: कबड्डी-खोखोच्या मैदानावर टाकतात ती फक्की सिमेंटवर टाकू नका, रांगोळी पण नको. पाय पडला की घसरलाच. खाकी पॅकिंग टेप पण नको, आपल्या उन्हात त्याचा गोंद फरशीला चिकटून राहतो आणि परवानगी तिथंच संपते. मास्किंग टेप खेळ झाला की त्याच दिवशी काढा.

८. पैसे भरताना

पहिला आठवडा दिवसाच्या रेटनं खेळा, मग महिन्याचं बोला. हिशोब माणशी करून बघा. समजा तासाला ४०० रुपये कोर्टाचे आहेत आणि चौघे आहात, तर १०० पडतात, सहा जण आलटून-पालटून खेळलात तर ६७ च्या आत. पण आठ-दहा जण केले तर स्वस्त पडतं आणि खेळायला मिळत नाही, गेम ११ पॉइंटचा असला तरी वाट बघण्यात तास जातो. एका कोर्टाला सहाच्या वर नको.

बंद दिवस आधीच विचारून घ्या. पावसाळ्यात आणि त्यानंतर शालेय क्रीडा स्पर्धा, कधी पोलीस भरती, कधी निवडणुकीचं काम, संकुल कधीही आठ-आठ दिवस मिळत नाही. तेवढे दिवस पुढच्या महिन्यात धरणार का, हे पावतीवर लिहून घ्या.

९. बाहेरगावी आणि लहान गावात

जालना इथून साठेक किलोमीटर, नातेवाइकांकडं गेलात तर पिशवी गाडीत टाका. लहान गावात सरळ बॅडमिंटन हॉलवर संध्याकाळी जा, खेळणाऱ्यांचा एक सेट संपेपर्यंत गप बसा आणि मग विचारा, "दहा मिनिटं कोर्ट मिळेल का, एक नवीन खेळ दाखवतो." आम्हाला अजून तरी कुणी नाही म्हटलेलं नाही. एक पॅडल त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या काकांच्या हातात द्या, बाकीचे आपोआप येतात, आणि पुढच्या वेळेला जागा विचारायला लागत नाही.

१०. दुसरी जागा हाताशी ठेवा

एकाच जागेवर विसंबलं की ग्रुप मोडतो, हे मी दोन ग्रुपचं बघितलंय. बाहेरची जागा असेल तर एक हॉल ठरवून ठेवा, महिन्यातून दोनदा तरी तिथं खेळा म्हणजे मालक ओळखतो. एप्रिल-मे मधे पारा ४० च्या वर जातो तेव्हा सिमेंट संध्याकाळी सातपर्यंत पण तापलेलं असतं, त्या दोन महिन्यांत बाहेर खेळायचं तर सकाळी सहा ते आठच. हिवाळ्यात उलटं, सकाळी लवकर कोब्यावर दव असतं, फडकं मारल्याशिवाय उतरू नका. आणि पावसाळ्यात पाऊस थांबला, वर ऊन पडलं, वायपरनं पाणी काढलं तरी कोपऱ्यात हिरवट दिसतंय का बघा. शेवाळ असेल तर त्या दिवशी हॉललाच फोन लावा.